समुद्री टाकीतलं केसाळ शेवाळ आणि स्वयंपाकघरातला आरओ

शंभर लिटरच्या माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगडांवर हिरवं, केसांसारखं शेवाळ बोटभर वाढलं होतं. झोअँथिड या फुलांसारख्या दिसणाऱ्या, प्रवाळांच्या जातकुळीतल्या जिवांच्या कळ्या त्याखाली मिटून गेल्या, बघून जीव तुटायचा. टेस्ट किट मात्र शेवाळाचं खाद्य असलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट जवळपास शून्य दाखवत होतं. हे फसवं असतं: पाण्यात आलेलं सगळं शेवाळच खाऊन टाकतं, मग मोजायला उरतं काय?

खरं कारण टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरने दाखवलं. मीठ कालवायला मी घरातल्या आरओचं पाणी वापरत होतो. त्याचा टीडीएस निघाला ७२ पीपीएम, हवा होता शून्याजवळ. पिण्याच्या आरओत चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं मूळ पाणी परत मिसळतो. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं, म्हणजे दर वेळी नायट्रेट मीच टाकीत ओतत होतो.

कंट्रोलर नसलेला वेगळा आरओ घेतला, पुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय रेझिन जोडलं. मीटर शून्यावर आला. दगड बाहेर काढून टाकीच्याच पाण्याच्या बादलीत टूथब्रशने घासले. हे टाळू नका, लांब वाढलेल्या शेवाळाला गोगलगायी फारशा तोंड लावत नाहीत. घासल्यावर चार टर्बो गोगलगायी सोडल्या, दिवा दहा तासांवरून सात तासांवर आणला, माशांना खायला गोठवलेलं आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) गाळणीत धुऊन द्यायला लागलो. फॉस्फेट शोषणारं जीएफओ (लोहाचे दाणे) सांगितलेल्या मात्रेच्या निम्मंच घातलं, कारण फॉस्फेट एकदम घसरलं तर प्रवाळ दुखावतात.

दर रविवारी दहा लिटर पाणी बदलत गेलो. नवव्या आठवड्यात दगडांवर कोरलाइन हे जांभळं, चांगलं समजलं जाणारं कडक शेवाळ दिसलं, आणि झोअँथिड पुन्हा उमलले.