स्वस्त इलेक्ट्रिक गिटार: आवाजाच्या आधी नेक बघा

20,000 रुपये हाताशी असतील तर ते सगळे गिटारवर घालवू नका. 13-14 हजारांची गिटार घ्या, उरलेले अँप (आवाज मोठा करणारा स्पीकर), केबल आणि सेटअपला (गिटार नीट जुळवून घेण्याला) ठेवा. स्वस्त गिटारींत स्क्वायर सॉनिक, यामाहा पॅसिफिका 012, आयबानेझ जिओ या मालिका बघण्यासारख्या आहेत. पण नावावर जाऊ नका. एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत जमीन-अस्मानाचा फरक निघतो.

पिकअप (तारांचं कंपन टिपणारे चुंबकी भाग), पॉट (नॉबखालचे आवाज-टोनचे नियंत्रक), ट्यूनिंग पेग (तारा ताणायच्या खुंट्या) पुढे बदलता येतात. पिळलेल्या नेकला, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्याला, मात्र परवडणारा इलाज नाही. म्हणून अँप लावण्याआधी गिटार नुसतीच तपासा. आधी सुरात लावून घ्या. मग हेडकडून (खुंट्यांच्या टोकाकडून) एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडा बघा. एक कड वर, दुसरी खाली जात असेल तर गिटार परत ठेवा. नुसता बाक असेल तर घाबरू नका. सर्वांत जाड तार पहिल्या आणि साधारण सतराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत सुमारे 0.25 मिमी फट हवी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी. कमी-जास्त असेल तर ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या, बाक कमी-जास्त करणाऱ्या सळईने) जुळवता येते. रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये, आणि विकत घेण्याआधी ते काम दुकानदाराकडूनच करून घ्यावं.

आता प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. एकाच जागी खरखर आली तर बहुधा पुढची फ्रेट उंच आहे. बाराव्या ते पंधराव्या फ्रेटवर पातळ तारा ताणताना स्वर मध्येच मरत असेल तरी दोष फ्रेटचाच. उघडी तार खरखरते पण दाबल्यावर स्वच्छ वाजते? मग नटची (हेडजवळच्या, तारा टेकणाऱ्या पट्टीची) खाच जास्त खोल गेली आहे. ट्यून करताना 'टिंग' होऊन स्वर उडी मारत असेल तर तार खाचेत अडकते आहे. तिथे शिसपेन्सिल घासून बघा.

बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) ट्यूनरवर जुळायला हवा. दाबलेला चढा असेल तर ब्रिजवरचा (तारा जिथे बॉडीवर टेकतात तिथला) सॅडल, म्हणजे तारेचा सरकता आधार, मागे घ्यायचा, उतरलेला असेल तर नेककडे. सॅडल सरकायला जागा उरली आहे ना, तेही बघा. तारा गंजलेल्या असतील तर ही तपासणी फसवी ठरते; आधी 9-42 जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागांत) नवा सेट चढवून घ्या.

पहिली गिटार फ्लॉइड रोज ब्रिजची (तारा कुलूपबंद करणाऱ्या, हलत्या ब्रिजची) नको. एक तार बदलली की सगळ्यांचा ताण हलतो आणि नवशिक्याचा वेळ ट्यूनिंगमध्येच जातो. फिक्स्ड ब्रिज उत्तम, साधा ट्रेमोलोही (दांडीने स्वर हलवता येणारा ब्रिज) चालेल. पिकअपमध्ये एचएसएस रचना सर्वांत सोयीची: ब्रिजकडे हमबकर (दोन कॉइलचा, कमी गुणगुणणारा पिकअप), बाकी दोन सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे).

शेवटी अँप लावा. पिकअप निवडायच्या स्विचच्या सगळ्या जागांवर आवाज ऐका, नॉब फिरवा, केबलचा जॅक हलकेच हलवा. नॉबची करकर कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते. जॅक हलवताच आवाज तुटत असेल तर सोल्डरिंग लागेल. सिंगल कॉइलची थोडी गुणगुण स्वाभाविक आहे. फ्लॅटमध्ये हेडफोन जॅक असलेला 10-15 वॅटचा अँप पुरे. होम थिएटरला गिटार थेट जोडू नका. इम्पिडन्स (विद्युत अवरोध) जुळत नाही, आवाज मंद आणि बोथट येतो.