लंडनला कामासाठी गेलात तर एका संध्याकाळी शहर कसं बघाल

दिवसभर मीटिंगा, हातात फक्त संध्याकाळ, आणि टूर बस महाग. मग सरळ १५ नंबरची लाल डबलडेकर पकडा.

१. निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाचं इंटरनॅशनल आणि टॅप पेमेंट चालू करून ठेवा, बसमध्ये कॅश घेतच नाहीत.
२. टॉवर ऑफ लंडनजवळून ट्राफल्गर स्क्वेअरकडे जाणारी बस घ्या, चढताना एकदाच टॅप करा आणि वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट धरा, सेंट पॉल्स, फ्लीट स्ट्रीट सगळं समोरून येतं, फार सुंदर दिसतं!
३. पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच.

फक्त दर वेळी तेच कार्ड वापरा, मध्येच फोनने टॅप केलं तर वेगळं भाडं कापतात.