रविवारचा रस्सा नकोसा झाला तेव्हा

शिरोलीत एका फौंड्रीत शिफ्ट बघतो. रविवारी ताटात तांबडा-पांढरा, आणि मला वाटी उचलायचंही जिवावर आलेलं. आई म्हणाली, "आळस न्हवं ह्यो, दमलाईस तू."

झोपूनही न जाणारा शीण, कामाचा तिटकारा, आपल्याच्यानं काही होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली बर्नआउटची हीच तीन लक्षणं मांडली; आजार म्हणून नव्हे, कामातून येणारी अवस्था म्हणून. घरचं ओझं त्यांच्या व्याख्येत नाही, माझ्या पाठीवर मात्र होतं.

डॉक्टरांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासलं, ठीक निघालं. साहेबांशी बोलून सलग नाइट थांबवल्या. आईचं दवाखान्याचं भावानं घेतलं (मागायला मलाच लाज वाटत होती). संध्याकाळी फोन घरी ठेवून रंकाळ्याला फेरी.

तिसऱ्या महिन्यात पोरीनं माझ्या भेळेतली कैरी पळवली, आणि मी चक्क भांडलो.