ठाणे–पनवेल लोकलमध्ये जगाच्या राजधान्या कशा पाठ कराव्यात

राजधान्या पाठ करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा 'अ'पासून सुरुवात करतो. अफगाणिस्तान काबूल, अल्जीरिया अल्जिअर्स, अल्बानिया तिराना, अँगोला लुआंडा. 'ब' निम्मा होईपर्यंत उत्साह मावळतो आणि वही कपाटात जाते. अक्षरवार यादी ही शोधण्यासाठी केलेली असते, लक्षात ठेवण्यासाठी नव्हे. तिच्यात शेजारी बसलेल्या देशांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो, त्यामुळे एक आठवला म्हणून दुसरा आठवत नाही.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास असो, मुलाची प्रश्नमंजूषा असो किंवा नुसती हौस, ठाण्यात आणि नवी मुंबईत राहणाऱ्यांकडे यासाठी एक चांगलं साधन आधीच आहे. रोजच्या लोकलच्या स्टेशनांचा क्रम झोपेतून उठवून विचारला तरी आपण सांगतो. त्या तयार खुंट्यांवर राजधान्या टांगायच्या.

आधी हिशेब करा

संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश १९३. त्यात व्हॅटिकन आणि पॅलेस्टाइन हे दोन निरीक्षक धरले की १९५. तैवान (तैपेई) आणि कोसोव्हो (प्रिस्टिना) सदस्य नाहीत, पण प्रश्नांत येतात, म्हणून तेही घ्या. याशिवाय ग्रीनलंड, बर्म्युडा यांसारखे दुसऱ्या देशाच्या अखत्यारीतले प्रदेश आहेत, त्यांचा गठ्ठा वेगळा ठेवा. आकडा ऐकून घाबरू नका. रोम, टोकियो, काठमांडू, लंडन अशी पंचवीस-तीस नावं येतच असतात. ती पहिल्याच दिवशी खोडून टाका आणि जी येत नाहीत त्यांचीच यादी हातात ठेवा.

कोरा नकाशा आणा

स्टेशनरीच्या दुकानात शाळेच्या मुलांसाठी जगाचे कोरे राजकीय नकाशे मिळतात. पाच-सहा घ्या. भिंतीवरचा रंगीत नकाशा दिसायला छान, पण त्यावर नावं छापलेली असतात आणि डोळा आयतं उत्तर उचलतो. कोऱ्या नकाशावर आधी फक्त देश भरा. देश कुठे आहे हे माहीत नसताना त्याची राजधानी पाठ केली, तर ती आठवड्यात उडून जाते. हे काम कंटाळवाणं आहे, तरी ते टाळू नका.

आता गाडीत बसा

दक्षिण अमेरिकेपासून सुरुवात करा, कारण देश मोजके आहेत. स्वतंत्र देश १२, त्यात फ्रान्सच्या ताब्यातलं फ्रेंच गयाना आणि ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं मिळवली की १४. ठाणे ते पनवेल ट्रान्स हार्बरवर दिघा गाव धरून १५ स्टेशनं. खंडाच्या उत्तरेकडून निघून पश्चिम किनाऱ्याने खाली उतरायचं आणि पूर्वेकडचे देश शेवटी घ्यायचे.

ठाण्याला फ्रेंच गयानाचं केयेन. दिघा गावला सुरिनामचं पारामारिबो, ऐरोलीला गयानाचं जॉर्जटाउन, रबाळ्याला व्हेनेझुएलाचं काराकास, घणसोलीला कोलंबियाचं बोगोटा, कोपरखैरण्याला इक्वाडोरचं किटो. तुर्भ्याला पेरू, राजधानी लिमा. बाजार समितीचा फळबाजार इथून जवळच, त्यामुळे पेरूच्या टोपलीत एक लिंबू ठेवून द्या, म्हणजे लिमा विसरणार नाही.

तुर्भ्यापुढे रूळ फुटतात, एक फाटा सानपाडा-वाशीकडे आणि दुसरा जुईनगरकडे. जुईनगरला बोलिव्हिया बसवायचा तो म्हणूनच, त्याच्याही राजधानीला दोन फाटे आहेत. राज्यघटनेनुसार राजधानी सुक्रे, पण सरकार आणि संसद ला पाझमध्ये. नेरुळला चिलीचं सांतियागो, सीवूड्सला अर्जेंटिनाचं ब्युनोस आयरेस.

बेलापूरला ब्राझील, आणि इथे जरा थांबा. नवी मुंबईचा विचार झाला तेव्हा राज्य सरकारची कार्यालयं खाडीपलीकडे आणायची कल्पना होती. बेलापुरात कोकण भवन झालं, मंत्रालय मात्र नरिमन पॉइंटलाच राहिलं. ब्राझीलने अख्खी राजधानी उचलली. रिओ दि जानेरो सोडून देशाच्या आतल्या पठारावर ब्रासिलिया बांधलं. लुसिओ कोस्टाने आराखडा केला, मुख्य इमारती ऑस्कर निमायरच्या, आणि २१ एप्रिल १९६० ला उद्घाटन झालं. महाराष्ट्र राज्य जन्माला आलं त्याच्या बरोबर दहा दिवस आधी. मराठी माणसाला ही तारीख वेगळी पाठ करावी लागू नये.

मग खारघरला उरुग्वेचं माँटेव्हिडिओ, मानसरोवरला पराग्वेचं असुन्सिओन, खांदेश्वरला फॉकलंडचं स्टॅन्ली. पनवेल रिकामं राहतं. तिथे उतरून चहा घ्या.

परतीच्या गाडीत हीच यादी उलटी म्हणा. उलटी आली की पक्की झाली.

रोज कल्याणच्या दिशेने जाणाऱ्यांना मध्य अमेरिका नेमकी बसते. देश सात आणि ठाण्यानंतर धिम्या गाडीची कल्याणपर्यंतची स्टेशनंही सात. कळव्याला बेलीझचं बेल्मोपान, मुंब्र्याला ग्वाटेमाला सिटी, दिव्याला एल साल्वाडोरचं सान साल्वाडोर, कोपरला होंडुरासचं तेगुसिगाल्पा, डोंबिवलीला निकाराग्वाचं मानाग्वा, ठाकुर्लीला कोस्टा रिकाचं सान होजे, कल्याणला पनामा सिटी. मोठ्या खंडांचे तुकडे पाडा. अख्खी आफ्रिका एका मार्गावर कोंबू नका. पश्चिम, पूर्व, मध्य, उत्तर, दक्षिण असे भाग करा आणि प्रत्येकाला वेगळा रस्ता द्या. स्टेशनं संपली तर घरापासून बाजारापर्यंतची दुकानंही चालतात.

जीभ अडखळते तिथे

आफ्रिकेत शिरलात की नावं अनोळखी होतात. इथे मराठी कामाला येते. मोझांबिक आणि मापुतो, 'मोजमाप' म्हणा. रवांडा आणि किगाली, 'रवा सांडला की गाळून घ्या'. घाना आणि आक्रा, 'घाणा अकराला सुरू'. माली आणि बामाको, 'माळीबा, मका लावा'. सुरिनामचं पारामारिबो डोक्यात राहत नसेल तर 'सुरी मारी बो' म्हणून बघा. पाचकळ आहे, कबूल. पण परीक्षेच्या हॉलमध्ये हीच वाक्यं कामाला येतात. शक्यतो स्वतःची तयार करा, उसन्या वाक्यापेक्षा ती जास्त टिकतात. आणि एक लिंबू एकाच देशाला वापरा. पेरूला दिलेलं लिंबू लिबियालाही दिलंत तर दोन्ही हातचे जातील.

लांबलचक नावं तोडून म्हणा. अंताना–नारिवो (मादागास्कर), तेगुसि–गाल्पा, वागा–डुगू (बुर्किना फासो). दोन-चारदा मोठ्याने म्हटलं की जीभ वळते. गर्दीच्या डब्यात मनातल्या मनात म्हटलेलं बरं.

जिथे सगळे फसतात

खरे गुण इथे जातात. सर्वांत मोठं किंवा प्रसिद्ध शहर म्हणजे राजधानी, असं गृहीत धरून माणूस सिडनी, इस्तंबूल, टोरांटो, लागोस लिहून मोकळा होतो. हे देश घोकू नका. राजधानी तिथे का आहे ते एकदा वाचा, मग चूक होत नाही.

ऑस्ट्रेलियात सिडनी आणि मेलबर्न या दोघांनाही राजधानी हवी होती. तोडगा असा निघाला की राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात असावी, पण सिडनीपासून किमान १०० मैल लांब. ती तयार होईपर्यंत संसद मेलबर्नमध्ये भरत राहिली, थेट १९२७ पर्यंत. असं कॅनबेरा झालं. कॅनडातही शहरांची अशीच चढाओढ होती, १८५७ मध्ये राणी व्हिक्टोरियाने ओटावा निवडलं.

दुसरा गट किनारा सोडून आत गेलेल्यांचा. नायजेरियाने डिसेंबर १९९१ मध्ये लागोस सोडून अबुजा गाठलं. टांझानियाने दार एस सलामऐवजी डोडोमाचा निर्णय १९७३ मध्ये घेतला, प्रत्यक्ष हलायला पुढची कित्येक वर्षं गेली. बेलीझला समुद्रानेच हलवलं. १९६१ च्या हॅटी चक्रीवादळाने किनाऱ्यावरचं बेलीझ सिटी उद्ध्वस्त केल्यावर आत बेल्मोपान बांधलं गेलं. तुर्कस्तानचं अंकारा १९२३ चं, नव्या सत्तेला इस्तंबूलपासून लांब बस्तान हवं होतं. म्यानमारचं सरकार २००५ मध्ये यांगून सोडून नेपिडॉला गेलं.

एकाहून जास्त राजधान्या हा प्रकार मुंबई आणि नागपूर माहीत असलेल्यांना अवघड जाऊ नये. दक्षिण आफ्रिकेत सरकार प्रिटोरियात, संसद केपटाउनमध्ये आणि सर्वोच्च अपील न्यायालय ब्लोमफाँटेनमध्ये. नेदरलँड्सची राजधानी ॲम्स्टरडॅम, पण सरकार हेगमध्ये. श्रीलंकेची संसद १९८२ पासून श्री जयवर्धनेपुरा कोट्टे इथे भरते आणि पेपरात कोलंबो लिहिणाऱ्याचं नुकसान होतं. मलेशियाची राजधानी क्वालालंपूरच, प्रशासन पुत्रजयात.

मग जुळ्या नावांची एक छोटी चिठ्ठी करा आणि पाकिटात ठेवा. स्लोव्हाकिया ब्रातिस्लाव्हा, स्लोव्हेनिया ल्युब्लियाना. डॉमिनिका रोझो, डॉमिनिकन रिपब्लिक सांतो दोमिंगो. जमैका किंग्स्टन, सेंट व्हिन्सेंट किंग्जटाउन. गिनी कोनाक्री, गिनी-बिसाउ बिसाउ, पापुआ न्यू गिनी पोर्ट मोर्सबी. दोन काँगोंच्या राजधान्या तर काँगो नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत, काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची किन्शासा आणि काँगो प्रजासत्ताकाची ब्राझाव्हिल.

जुनं गाइड फेकू नका, तपासा

कझाकस्तानची राजधानी १९९७ मध्ये अल्माटीहून हलली, वर्षभरात तिचं नाव अस्ताना झालं, २०१९ मध्ये नूर-सुलतान आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. कोणत्या साली छापलेलं पुस्तक हातात आहे त्यावर उत्तर ठरतं. बुरुंडीसमोर बुजुंबुरा छापलं असेल तर खोडून गितेगा लिहा. पलाऊ २००६ मध्ये कोरोरहून न्गेरुलमुडला गेलं. दक्षिण सुदान (जुबा) यादीतच नसेल, तर पुस्तक २०११ च्या आधीचं आहे. इंडोनेशियाने बोर्निओ बेटावर नुसंतारा हे शहर उभारायचा कायदा २०२२ मध्ये केला, तेव्हा जकार्ता पेन्सिलने लिहा.

प्रदेशांचा गठ्ठा

प्रदेश खंडांप्रमाणे न लावता कोणाच्या ताब्यात आहेत त्याप्रमाणे लावा. डेन्मार्ककडे ग्रीनलंड (नूक) आणि फॅरो बेटं (तोर्सहाव्न). फ्रान्सकडे न्यू कॅलेडोनिया (नूमेआ), फ्रेंच पॉलिनेशिया (पापीते). अमेरिकेकडे पोर्तो रिको (सान हुआन), ग्वाम (हगात्न्या). ब्रिटनचा ढीग सर्वांत मोठा: बर्म्युडा हॅमिल्टन, केमन बेटं जॉर्ज टाउन, सेंट हेलेना जेम्सटाउन. पिटकेर्न बेटांचं ॲडम्सटाउन तर शंभर माणसांचंही गाव नाही. तिथले बहुतेक लोक बाउंटी जहाजावरच्या बंडखोर खलाशांचे वंशज.

या गठ्ठ्यातलं एक नाव मात्र वाचल्यावर सुटत नाही. कॅरिबियनमधल्या माँटसेराटची अधिकृत राजधानी प्लिमथ. १९९५ मध्ये सुफ्रिएर हिल्स ज्वालामुखी जागा झाला, गाव रिकामं करावं लागलं आणि १९९७ पर्यंत ते राखेखाली आणि चिखलाखाली गाडलं गेलं. कारभार उत्तरेकडच्या ब्रेड्समधून चालतो. कागदावर राजधानी अजून प्लिमथच आहे, तिथे राहायला कोणीही नाही.

उजळणी

पहिल्याच रात्री एकदा, मग तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने. यादी वाचणं म्हणजे उजळणी नव्हे. कोरा नकाशा घ्या, पुस्तक मिटा आणि भरा. जिथे हात अडला तेवढीच नावं चिठ्ठीवर जातील, बाकीची सोडा.

तपासायचं असेल तर गणपतीत

सोसायटीच्या मंडपात मुलांची प्रश्नमंजूषा ठेवा. दोघादोघांच्या जोड्या करा. 'देश सांगतो, राजधानी सांगा' ही फेरी एकच, नाहीतर पाठांतर करून आलेली पोरं सगळं लुटून नेतात. दुसऱ्या फेरीत राजधानी सांगून देश विचारा, तिसरीत नकाशावर बोट ठेवायला लावा. कोणती यादी प्रमाण मानणार हे आधी फलकावर लिहा. जेरुसलेमसारखे वादाचे प्रश्न घेऊच नका, आरती लांबते. बरोबरी झाली तर नाउरूची राजधानी विचारा. त्या देशाला अधिकृत राजधानीच नाही, सरकारी कार्यालयं यारेन जिल्ह्यात आहेत. 'राजधानी नाही' म्हणणाऱ्याला पूर्ण गुण द्या, 'यारेन' म्हणणाऱ्याला अर्धे. दुसऱ्याला शून्य दिलंत तर त्याचे आईवडील स्टेजवर येतील.