दगड घडवण्याआधी वाजवून घ्या

दगडाचं पातं किंवा बाणाचं टोक घडवताना तुटलं की नवखा माणूस स्वतःच्या हाताला दोष देतो आणि पुढचा घाव आणखी जोरात घालतो. खोट बहुतेक वेळा दगडातच असते, नाहीतर कड नीट तयार न केल्यात.

फुटल्यावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत, मंद लहरी असलेला पृष्ठभाग देणारा दगड या कामाला लागतो. भूविज्ञानात याला शंखाभ भंजन म्हणतात. चकमक, चर्ट (चकमकीच्याच जातीचा दगड), कॅल्सेडनी, अकीक, जॅस्पर आणि ज्वालामुखी काच, म्हणजे ऑब्सिडियन, असे फुटतात. अगदी बारीक पोताचा बेसाल्टही चालतो, पण त्याला ताकद जास्त लागते. ग्रॅनाइटचे कण मोठे, त्यामुळे तो भुरभुरतो. पाटीचा दगड थराथरांनी सुटतो. पांढऱ्या गारगोटीने मात्र अनेकांची फसगत होते. पोलादावर घासली की ठिणगी पडते, म्हणून ती चकमकच असं वाटतं. ठिणगी ही पोलादाच्या खरवडलेल्या कणांची असते. तिच्यावरून दगड कठीण आहे एवढंच कळतं. तो कसा फुटेल ते कळत नाही, आणि गारगोटी बहुधा वेड्यावाकड्या तुकड्यांत फुटते.

दगड उचलला की आधी आकार बघा. गोल गोट्यावर घाव घालायला जागाच नसते. एखादी तरी कड ९० अंशांपेक्षा कमी कोनाची हवी. ६० ते ८० अंश असेल तर उत्तम. मग दगड ओला करून वाळू द्या. पृष्ठभाग कोरडा झाल्यावरही एखादी बारीक रेष काळसर, ओलसर राहिली तर ती भेग समजा. आता दगड बोटांच्या टोकांवर सैल धरा (तळहातात आवळलात तर आवाज दबतो) आणि छोट्या गोट्याने हलकेच टकटक करा. खणखणीत वाजला तर ठेवा, बद्द वाजला तर टाका. दहांतले सहा-सात टाकावे लागले तरी हळहळू नका.

उरलेल्यांचा कोपऱ्यावरून एकेक छिलका, म्हणजे घावाने सुटणारा पातळ तुकडा, काढून बघा. ताज्या भंगावर कण दिसायला नकोत. साखरेसारखा खरखरीत पोत असेल तर दगड हट्टी निघेल. अकिकात स्फटिकांची पोकळी लागली की छिलका तिथेच थांबतो, मग तेवढा भाग सोडून काम करावं लागतं. बाहेरची खडूसारखी साल मात्र वाईट लक्षण नव्हे. ती आधी उतरवायची, कारण तिच्यात आघाताचा जोर मुरतो.

मुठीएवढ्या दगडाला २०० ते ३०० ग्रॅमचा क्वार्टझाइटचा (एक टणक दगड) गोल गोटा हातोडी म्हणून पुरतो. मोठा दगड उघडायला ५०० ग्रॅमच्या पुढचा घ्या. मांडीवर जाड चामडं टाका. घाव कडेच्या ५ ते १० मिलिमीटर आत, तिरका आणि सरळ रेषेत पुढे जाणारा हवा. छिलका खालच्या बाजूने सुटतो, तिथे बोटांचा हलका आधार ठेवा. छिलका कंगोऱ्याच्या, म्हणजे दगडावरच्या उंच धारेच्या, रेषेनेच जातो, हे पक्कं लक्षात असू द्या. खाली कंगोरा असेल तर छिलका लांब आणि अरुंद सुटतो. सपाट जागेवर घाव घातला तर आखूड, पसरट निघतो.

दोन्ही बाजूंनी पातळ करायला लागलात की खरी मेहनत कडेवर. धारदार कड घाव सोसत नाही, चुरा होते आणि जोर वाया जातो. म्हणून प्रत्येक घावाआधी ती खरखरीत वालुकाश्माने घासून बोथट करा. कड जाडीच्या मध्यरेषेच्या किंचित खाली, म्हणजे ज्या बाजूचा छिलका काढायचा तिच्याकडे, झुकलेली हवी. मध्यरेषेच्या वरच्या कडेवर मारलंत तर तुकडा मधोमध मोडण्याची भीती असते.

छिलका अर्ध्यात तुटून पायरी पडली, तर जोर कमी पडला किंवा घाव बाहेरच्या दिशेला गेला. त्याच कडेवरून पुन्हा मारू नका. पायरीवर पायरी चढते. समोरच्या कडेवरून लांब छिलका काढून ती खालून उचला.

हट्टी चर्ट भाजून सुधारतो. ऑब्सिडियनला त्याची गरज नसते. तुकडे २ ते ३ सेंटिमीटर जाडीचे करून वाळूत पुरा, १०० अंश सेल्सिअसच्या आसपास एक दिवस वाळवा. मग तासाला २५ ते ३० अंशांनी २५० पर्यंत न्या, ३-४ तास ठेवा आणि भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नका. घाई केली तर अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन गोल चकत्या उडतात. प्रत्येक चर्टचं तापमान वेगळं, म्हणून आधी एकच तुकडा भाजून बघा. नीट भाजलेल्या तुकड्याचा नवा भंग तेलकट चमकतो. तो सहज फुटतो, पण ठिसूळही झालेला असतो.

शेवटची धार दाब देऊन काढायची: लाकडी मुठीत ४-५ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, एक सेंटिमीटर बाहेर. आधी आतल्या दिशेने दाबा, मग खाली.

डोळ्यांना चष्मा, नाकाला एन-९५ मास्क आणि काम उघड्यावरच. सिलिकाची धूळ फुप्फुसांत बसते ती निघत नाही. खाली ताडपत्री अंथरा. छिलके उघड्यावर टाकू नका. गाडायचे असतील तर सोबत चालू सालचं नाणं टाका, म्हणजे पुढे उत्खनन करणाऱ्याची फसगत होणार नाही.