जुन्या विमानाच्या मालकांचा आणि अपघाताचा माग कसा काढावा

पायपर जे-3 कब या छोट्या अमेरिकी विमानाचं लॉगबुक माझ्यासमोर होतं. एका पानावर उड्डाणाची शेवटची नोंद, आणि पान उलटलं तर थेट पाच वर्षांनंतरची तारीख. मधल्या काळात विमान एक तासही उडलेलं नाही. जुन्या विमानाच्या कागदांत असा खंड दिसला की मी आधी तिथेच शोधतो. अपघात बहुधा त्यातच सापडतो.

सुरुवात मात्र खंडापासून करू नका. आधी विमानाची ओळख पक्की करा. शेपटीवर रंगवलेला नोंदणी क्रमांक बदलू शकतो. विमान दुसऱ्या देशात गेलं तर बदलतोच. अमेरिकी विमानांवर 1948 पर्यंत एनसी अशी अक्षरं असत, नंतर सी गेलं आणि नुसतं एन उरलं. त्यामुळे जुन्या फोटोतला क्रमांक आणि आजचा क्रमांक वेगळे दिसले तर घाबरू नका. कायम राहतो तो कारखान्याचा अनुक्रमांक, ओळखपाटीवरचा. पण एका विमानाची पाटी दुसऱ्याच्या सांगाड्यावर बसवलेलीही आढळते, म्हणून तो अनुक्रमांक जुन्या कागदांशी ताडून पाहा. कब 1938 ते 1947 या काळात जवळपास 20,000 बनली. एक अंक चुकला तर तुम्ही भलत्याच विमानाची कुंडली मांडून बसाल.

मग नोंदणी दप्तराकडे वळा. अमेरिकी विमानांची पूर्ण फाइल ओक्लाहोमा सिटीतल्या एफएए, म्हणजे तिथल्या सरकारी नागरी विमान खात्याच्या, नोंदणी कार्यालयाकडून मागवता येते. ब्रिटिश विमान असेल, समजा टायगर मॉथ हे जुनं प्रशिक्षण विमान, तर तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाच्या जी-इन्फो या संग्रहात जुन्या नोंदवहीची स्कॅन केलेली पानं पाहायला मिळतात. अमेरिकी फाइलमध्ये प्रत्येक खरेदीखत असतं. ती तारखेनुसार लावा आणि वाचताना मालकांच्या नावांइतकंच दोन व्यवहारांमधल्या अंतराकडे लक्ष द्या. माझ्या कबच्या फाइलमध्ये एक मालक विमा कंपनी होती. विमा कंपनी हौसेने विमान घेत नाही. भरपाई दिल्यावर मोडकं विमान तिच्या नावावर येतं. पुढचा खरेदीदार विमान दुरुस्त करणारा होता, आणि पाच वर्षांचा खंड त्याच्याच काळातला निघाला.

याच फाइलमध्ये फॉर्म 337 शोधा. मोठी दुरुस्ती किंवा बदल झाला की मेकॅनिक तो भरतो. मालकांची नावं मिळाली की बरेच जण फाइल मिटतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण विमानाचं खरं आयुष्य या फॉर्मवर लिहिलेलं असतं. माझ्या हाती आलेल्या फॉर्मवर उजव्या पंखाचं टोक, उजवा पुढचा चाकपाय, सांगाड्याच्या तिथल्या नळ्या आणि नवा प्रोपेलर एवढंच होतं. अपघात हा शब्द कुठेही नव्हता. पण मोडलेल्या भागांची यादी वाचता आली की अपघात दिसतो.

कबला शेपटीकडे चाक असतं आणि वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. उतरल्यावर विमान जरा वाकडं वळलं की मागचं वजन ते वळण आणखी वाढवतं. पुढे चाक असलेल्या विमानात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, म्हणून ते आपोआप सरळ व्हायला बघतं. डावीकडून आडवा वारा असेल तर तो शेपटीवर दाबतो, नाक डावीकडे फिरतं, वैमानिकानं पायाखालच्या पेडलनं वेळेवर सावरलं नाही तर विमान गर्रकन वळतं. वळणाच्या बाहेरचा, म्हणजे उजवा पंख खाली जाऊन जमिनीला घासतो आणि त्याच बाजूचा चाकपाय पोटाखाली दुमडतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. उजवीकडची सगळी मोडतोड याच्याशी तंतोतंत जुळत होती.

प्रोपेलरही बोलतो. धातूच्या पात्यांची टोकं पुढे वळलेली असतील तर बहुधा इंजिन जोरात होतं. मागे वाकलेली असतील तर मंद किंवा बंद. लाकडी प्रोपेलर जोरात फिरताना आपटला की त्याचे तुकडे होतात. मंद असताना अनेकदा एकच पातं मोडतं. फोटो मिळाला तर मी आधी तिथेच पाहतो.

हा अंदाज आता अधिकृत नोंदीशी पडताळा. अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेच्या संग्रहात 1962 पासूनचे अपघात शोधता येतात. त्याआधीच्या अपघातांसाठी स्थानिक वर्तमानपत्रांचे जुने अंक चाळावे लागतात. तिथे जागा आणि तारीख मिळते, पण कारणावर विसंबू नका.

लिहिताना वैमानिकाचं नाव मी गाळतो. त्याची मुलं-नातवंडं ते वाचू शकतात, आणि विमानाच्या इतिहासाला त्या नावाची गरज नसते. अपघात मात्र कधीही गाळू नका, मालकाने किंमत घसरेल म्हणून कितीही विनवलं तरी. पुढे ते विमान उडवणाऱ्याला उजवा चाकपाय पूर्वी कुठे जोडला आहे हे माहीत असायलाच हवं.

त्या कबच्या लॉगबुकात, रिकाम्या पाच वर्षांच्या जागी, मी खरेदीखतांच्या आणि फॉर्म 337च्या प्रती तारखेनुसार लावून ठेवल्या आहेत.