परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज : आधी नाव जुळवा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी पोरापोरींचे परदेशी शिक्षणाचे अर्ज तपासून देते. सगळ्यात आधी पासपोर्ट आणि दहावीची मार्कशीट शेजारीशेजारी ठेवा. एकीवर आडनाव आधी, दुसरीवर शेवटी, असं हमखास निघतं. माझे स्वतःचे तीन आठवडे यातच गेले. फरक दिसला की त्याच दिवशी दुरुस्तीला लागा.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. वयोमर्यादा पदव्युत्तरला ३५, पीएच.डी.ला ४०. (१९२० साली बाबासाहेबांच्या लंडनच्या शिक्षणाला महाराजांनी हातभार लावला होता. हा अर्ज उघडला की ऊर भरून येतो.) युरोपसाठी इरास्मस मुंडस, म्हणजे युरोपीय संघाची मास्टर्सची शिष्यवृत्ती बघा, महिना १४०० युरो. स्वीडनला एकाच अर्जात चार मास्टर्स कोर्स पसंतीक्रमाने टाकता येतात. मुदत जानेवारीच्या मध्याला संपते.

शिफारसपत्रासाठी सरांना नुसता फोन करू नका. प्रकल्प, गुण, कोर्स, शेवटची तारीख एका कागदावर लिहून समोर बसून द्या. ‘मुलगी होतकरू आहे’ एवढ्यानं भागत नाही. ‘पंचगंगेच्या पाण्याचे चाळीस नमुने हिनं स्वतः तपासले’, असं वाक्य त्या पत्रात यायला हवं.